दगडांचा लंबर

छबुबाईला इंग्रजीतला एकच शब्द येत होता आणि तेवढ्यावर तिनं चाळीस वर्षं काढली. शब्द होता नंबर. ती म्हणायची लंबर.

हा शब्द तिला बहात्तरच्या दुष्काळानं दिला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती, चौसाळ्याच्या पलीकडं तलावाच्या कामावर खडी फोडायची. मुकादमानं प्रत्येकाच्या हातात पत्र्याचा बिल्ला दिला होता. हिचा एकशे बारा. चार महिन्यांत एकदाही कुणी तिला छबू म्हणून हाक मारली नाही. "एकशे बारा, खोरं आण." "एकशे बारा मेली का बसली?" बसली असेल तर ती म्हणायची, "बसली हाय. मेले की सांगन."

पुढं लग्न झालं आणि नवऱ्यासोबत, त्रिंबकसोबत, ती ऊस तोडायला जायला लागली. तिथं कारखान्याच्या अड्ड्यात गाडीला लंबर. उसानं भरलेली बैलगाडी उभी करायची आणि काट्यावर आपला लंबर कधी लागतो त्याची वाट बघत गाडीखाली दोन-दोन दिवस काढायचे. अकरा हंगाम काढले तिनं असे. दोन लेकरं त्या गाडीखालीच रांगायला लागली.

मग हा शब्द घरोघर पसरला. कुणाच्या पोरीचा परळीला कॉलेजात लंबर लागला. कुणाच्या भावानं दोन लंबरचा धंदा धरला आणि बुलेट घेतली. म्हातारं कुणी गेलं की लोक पारावर म्हणायचे, लागला बाबा त्याचाही लंबर. कपिलधारच्या यात्रेत डोळ्याचं शिबिर होतं, तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं सांगितलं, "मावशी, तुम्हाला नंबर लागलाय."

"कितवा?"

"दीड."

"आरं, दीडवा कसा लागंल? म्होरं एकच माणूस हाय आन् त्यो बी अर्धा का?"

डॉक्टर हसला. छबुबाई हसली नाही. लंबर या गोष्टीवर ती सहसा हसत नसे. तिची सून शिवकन्या डी.एड. झालेली होती, नोकरी नव्हती. ती एकदा म्हणाली, "आत्या, याला मराठीत क्रमांक म्हणत्यात. अनुक्रमांक म्हणत्यात. आकडा बी म्हणत्यात."

"आन् पाळी?"

"पाळी वायली. पाळी म्हंजे आपली येळ."

"मंग मी पाळीलाच लंबर म्हणते. आकड्याशी माझं काय काम? आकडा वजनाला आन् मटक्याला."

*

दोन हजार तेराच्या संक्रांतीपासून वाडीत टँकर सुरू झाला. विहिरीत ओतावं तर तळाला भेगा, पाणी खाली पळायचं. म्हणून टँकरच्या नळीतूनच हंडे भरायचे ठरलं. घराला चार हंडे. टँकर रोज एक खेप करायचा. तो दीडशे घरांना पुरायचा आणि घरं होती एकशे सत्तर.

आदल्या सालीही मार्चात टँकर लागला होता, तेव्हा पहिल्याच आठवड्यात रतनबाईचा हात मोडला होता. कुणी ढकललं ते अजून ठरलेलं नाही. बायांनीच मग ठरवलं, कुणीतरी एकीनं रांग धरायची. नाव निघालं छबुबाईचं. कारण कुणीतरी सांगितलं ते असं, "ती सख्ख्या सुनंला शिव्या देती. म्हंजी ती कुणाचीच न्हाई. बरूबर वाटंल."

तिनं दोन रीती पाडल्या. काल जिथं पाणी संपलं तिथून आज रांग सुरू. ही पहिली. दुसरी रीत दगडांची होती, आणि पुढचं सगळं त्या दगडांवरून झालं.

दिवाळी झाली की आमची अर्धी वाडी ऊसतोडीला जाते ती पाडव्याला परत येते. घरात राहतात ती म्हातारी माणसं. त्यांनी उन्हात तीन-तीन तास उभं कसं राहावं? छबुबाईनं सांगितलं, "तुमी येऊ नगा. तुमच्या घरचा एक दगड द्या. त्यो हुबा ऱ्हाईल." चंद्रभागाबाई सत्तरीची, गुडघ्यानं अधू. तिनं फुटक्या जात्याची अर्धी तळी दिली. आंधळ्या रामहरीनं तो रोज ज्यावर बसायचा तो दगड दिला आणि स्वतः जमिनीवर बसायला लागला. कुणी वरवंटा दिला, कुणी उंबऱ्याजवळची शिळा. असे बत्तीस दगड झाले. हंड्यांच्या ओळीत ते हंड्यासारखेच सरकायचे. दगडाची पाळी आली की त्याच्या पुढच्या बाईनं त्या घरचे दोन हंडे भरून नेऊन द्यायचे आणि मागच्या बाईनं दोन. दगड कुणाचा हे प्रत्येकीला तोंडपाठ होतं. चुकून कुणी म्हणालं, "आगं दगडच हाय त्यो, राहू दे उद्याला," की छबुबाई तिच्या हंड्याजवळ जाऊन उभी राहायची. "मंग तू बी आज दगड हो. उद्या भर."

माघ अर्धा सरला तसं ऊन कडक झालं आणि जनावरांचे हाल सुरू झाले. वाडीत दूध सोसायटी होती, नव्वद सभासदांची. चेअरमन भगवानराव. माणूस वाईट नव्हता, तसा. त्याच्या बापानं सोसायटी काढली, यानं ती वाढवली, बर्फाची टाकी आणली. रोज चारशे लिटर जायचं ते दोनशेवर आलं. त्यानं मीटिंग घेतली आणि सरळ सांगितलं, "गायी पाण्यावाचून आटल्या तर सोसायटी बंद पडंल. सोसायटी बंद पडली तर पुढल्या साली निम्म्याच्या जागी सगळी वाडी कोयता घेऊन जाईल." यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली. शिवकन्यानं ती वाचून दाखवली. उद्यापासून टँकरचं पाणी सोसायटीच्या सभासद अनुक्रमांकानुसार मिळेल. जनावरांमुळं प्रत्येक सभासदाला आठ हंडे. सभासदांचं झाल्यावर उरलेलं पाणी इतरांना. क्रमांक सोडून मध्ये कोणी भरल्यास त्याचं आठवडाभर पाणी बंद.

"उरंल का?" छबुबाईनं विचारलं.

"नव्वद आठे सातशेवीस. टँकरात सहाशेच हंडे हायेत, आत्या."

ज्यांच्या घरची माणसं तोडीला गेली होती त्यांच्याकडं गायी नव्हत्या. गायी असत्या तर ती तोडीला कशाला गेली असती? म्हणून त्यांच्यातलं सभासद कुणीच नव्हतं. बत्तीस दगडांना आता पाणी नव्हतं.

त्या दुपारी भगवानराव स्वतः तिच्या ओट्यावर येऊन बसला. सोबत सोसायटीचा सेक्रेटरी बंकट, काखेत रजिस्टर.

"काकू, रांग तुमीच धरायची. तुमचं नाव काढलं तर बाया ऐकणार न्हाईत."

"कोणती रांग?"

"नोटीस वाचली असंल की."

"वाचली. ती रांग न्हाई, ती यादी हाय. यादी बंकटनं धरावी."

बंकटनं रजिस्टर उघडलं. "काकू, जरा बघा तर. सभासद क्रमांक एक कोण? कैलासवासी त्रिंबक. आता वारसानं तुमी. सोसायटी निघाली तवा गावात कुणी पुढं येत नव्हतं, पयल्या दिवशी पयलं दूध त्रिंबककाकांनी घातलं. रोज पयले आठ हंडे तुमचे. कुणाचा आधार न्हाई, कुणाची मेहेरबानी न्हाई. हक्काचा पयला नंबर."

छबुबाईच्या दारात एक म्हैस होती, व्यायला झालेली. तिच्या पुढ्यातली टोपली कोरडी होती आणि ती टोपलीचा काठ चाटत होती. शिवकन्या सासूकडं बघत होती. आठ हंडे म्हणजे काय हे त्या घरात सांगायची गरज नव्हती.

"भगवानराव," छबुबाई म्हणाली, "चंद्रभागाबाईचं काय करायचं?"

"तिला मी माझ्या घरून एक हंडा पाठवीन ना."

"रोज?"

"रोज... जमंल तसं."

"म्हंजी तिनं रोज तुमच्या गड्याची वाट बघायची. आला तर देव, न्हाई आला तर दैव. आत्ता तिचा दगड रांगंत असतो तवा ती कुणाची वाट बघती का?"

"काकू, सोसायटी जगली पायजे का न्हाई?"

"जगावी की. तुमच्या मळ्यातलं बोर चालू हाय. डाळिंबाला थेंब थेंब पडतंय. त्या डाळिंबाचा बी लंबर लावा रांगंत, कितवा येतो बघू."

भगवानरावाचं तोंड उतरलं. तो उठला. "उद्या सकाळी यादीपरमानं वाटप हुईल. तुमाला पयल्या नंबरवर पाणी घ्यायचं असंल तर घ्या."

"येते ना. पयल्या लंबरवर येते."

शिवकन्याला वाटलं सासू वठणीवर आली. तिनं आठ हंडे घासून ठेवले.

*

सकाळी बाया जमल्या तेव्हा बंकटनं दोन गडी लावून बत्तीसच्या बत्तीस दगड ओढ्याकडेच्या बाभळीखाली ढिगात टाकले होते. चंद्रभागाबाईची जात्याची तळी सगळ्यात वर होती. छबुबाईनं ढिगाकडं एकदा बघितलं. आपला एक रिकामा हंडा घेऊन ती ओळीच्या तोंडाशी, नळी पडते त्या जागी, जाऊन बसली. मागं दोन नंबरला जानकीबाई, तिच्या मागं नव्वदपर्यंत सभासद. सभासद नसलेल्या बाया लांब उभ्या.

वाहेद टँकर घेऊन आला. चौसाळ्याचा पोरगा, गॅरेजमध्ये मेकॅनिक होता, दुष्काळानं ड्रायव्हर केला. त्यानं नळी सोडली. "मावशी, सोडू?"

"थांब."

"क्रमांक एक," बंकटनं वाचलं. "त्रिंबक, वारस छबुबाई. आठ हंडे. भरा काकू."

"भरते."

ती बसून राहिली. हंड्यावर पदराचं टोक टाकलेलं. पाच मिनिटं गेली.

"काकू, भरा की."

"भरणार हाय. घाई न्हाई मला."

मागून कुणीतरी हसलं. बंकट पुढं आला. "घ्यायचं नसंल तर बाजूला व्हा. गैरहजर लिहितो."

"लिही. हितं नळीखाली बसलेली बाई गैरहजर लिही आन् खाली तुझी सही कर. तहसीलात दाखवू."

"मग दोन नंबर भरंल."

"भरू दे. तुझ्याच नोटिशीत हाय, क्रमांक सोडून मधी भरलं तर आठवडाभर पाणी बंद. जानकी, भरतीस का?"

जानकीबाईनं पुढं केलेला हंडा मागं घेतला. बंकट रजिस्टरात बघायला लागला, जणू तिथं काही लिहिलेलं सापडेल.

"माझा लंबर हाय," छबुबाई म्हणाली. "किती येळ लावायचा ते कुठं लिवलंय?"

ऊन वर चढलं. वाहेदनं टँकरच्या सावलीत बसून बिडी काढली. तासाभरानं भगवानराव मोटारसायकलवर आला. त्यानं सगळं ऐकलं, छबुबाईकडं बघितलं आणि तिच्याशी बोललाच नाही. वाहेदला म्हणाला, "फिरव टँकर. डेअरीच्या हौदात वत. तिथनं वाटू."

वाहेद उठला, कपडे झटकले. "साहेब, माझ्या बुकात वाडीचं नाव हाय आन् रोज दोन बायांच्या सह्या लागत्यात. हौदात वतल्यावर सह्या कुणाच्या घेऊ? तुमच्या जर्सीच्या?"

आता मात्र सगळ्याच हसल्या. भगवानराव तांबडाबुंद झाला. बाईमाणसाला हात लावून उठवता येत नव्हतं. त्यानं मान वळवली. "जानकीवैनी, तुमच्या दोन गायी, त्यातली एक गाभण. तुमीच सांगा हिला."

जानकीबाई तरातरा पुढं आली. तिचा आवाज आधीच मोठा, त्यात रात्रीपासून गाय हंबरत होती. "छबे, ऊठ! तुला लई शानपन आलंय. तुझी म्हस मरंल ती मरंल, माझी गाय का म्हून मारतीस? काय बिघडलंय तुझं? पयला नंबर दिलाय तुला!"

"दिलाय. कुणाचा काढून दिलाय ते बघ." छबुबाईनं बाभळीकडं बोट केलं. "मागल्या साली तू कुठं हुतीस?"

"कुठं म्हंजी?"

"मागल्या साली टँकर लागला तवा तू तोडीला गेलतीस. तवा तुझ्याकडं गाय नव्हती. तुझा सासरा हितं एकटा हुता, लकवा झालेला. तुझ्या घरचा दगड कोणता हुता, आठवतंय का? पांढरा, मधी खोबणी. मी सरकीवला त्यो. रोज. आन् पानी नेऊन दिलं चंद्रभागाबाईनं, तवा तिचे गुडघे चालत हुते. आता तुझ्याकडं गायी झाल्या, सभासद झालीस, चांगलं झालं. पण जिचा दगड फेकला तिच्या पुढचं पानी मी घेणार न्हाई आन् तुला बी घिऊ देणार न्हाई. बसली हाय मी. सांजपतूर बसंल. उद्या बी माझाच पयला लंबर हाय, उद्या बी बसंल. परवा बी. चेअरमनसायबांनी पक्का करून दिलाय."

जानकीबाईचा हात वर उठलेला होता तो तसाच राहिला. मग तिनं हात खाली घेतला, पदर खोचला आणि चालायला लागली. आधी सगळ्यांना वाटलं घरी निघाली. ती बाभळीखाली गेली. जात्याची तळी ढिगावरून उचलली, पोटाशी धरली, दोनदा थांबून दम घेतला, ओळीपर्यंत आणली आणि स्वतःच्या हंड्यांच्या पुढं ठेवली. धाप लागलेली असतानाच म्हणाली, "भवान्यांनो, बघताय काय, बाकीचे काय मी एकटीनं आणू?"

मग रतनबाई गेली. तिचा मोडलेला हात अजून सरळ होत नव्हता, तिनं वरवंटा आणला. मग लांब उभ्या राहिलेल्या बाया. सगळ्या काही आल्या नाहीत. सतरा घरं शिव्या देत हंडे उचलून निघून गेली, त्यातली काही अजून छबुबाईशी बोलत नाहीत. पण दगड आले. कालचं पाणी कुठं संपलं होतं ते बायांनी आपसात ठरवलं आणि ओळ मोडून पुन्हा लावली. छबुबाई तेव्हा उठली. नळीखालचा आपला रिकामा हंडा उचलून कालच्या हिशेबानं तिची जागा जिथं येत होती तिथं, पार शेवटाकडं, नेऊन ठेवला.

भगवानराव मोटारसायकलला टेकून उभा होता. "सोसायटी बुडाली तर तुमचं नाव घीन, काकू."

"घ्या. डाळिंबाचं बी घ्या."

पाणी दोन वाजेपर्यंत चाललं. चंद्रभागाबाईचे दोन हंडे जानकीबाईनं नेले. छबुबाईच्या अलीकडं दोन घरं राहिली असतानाच नळीला हवा आली, नळी दोनदा शिंकली आणि पाणी संपलं. वाहेदनं बुक पुढं केलं. छबुबाईनं वेड्यावाकड्या अक्षरात सही केली, दुसरी जानकीबाईनं.

घरी शिवकन्या आठ घासलेले हंडे रांगेनं मांडून बसली होती. तिला रडू आलं होतं, राग जास्त होता. "एकच दिस घेतलं असतं तर म्हशीला दोन दिस पुरलं असतं. सगळी वाडी आपल्यालाच सुधारायची हाय का आत्या?"

"वाडी गेली खड्ड्यात. घरात कालचं जे हाय त्यातलं माझ्या वाट्याचं म्हशीला पाज. मी जानकीकडं पिऊन येते, ती आज न्हाई म्हणणार न्हाई."

आठवड्यानं सोसायटीचं पत्र आलं. बंकट देऊन गेला, दारात थांबला नाही. शिवकन्यानं वाचलं. आपण संस्थेच्या कामात अडथळा आणला, सबब आपलं सभासदत्व का रद्द करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.

"सभासदत्व रद्द म्हंजी?"

"दूध घेणार न्हाईत आपलं. एक नंबर जाईल आपला."

त्रिंबकचा एक फोटो घरात होता, सोसायटीच्या उद्घाटनातला, हातात दुधाची किटली. छबुबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती दारात वाकून पायातला काटा काढत होती.

"वही आण. खुलासा लिही."

शिवकन्यानं वही आणली. "काय लिहू?"

"लिही. चेअरमनसायेब, रामराम. तुमचं पत्र मिळालं. सध्या पानी वाटायला लागतं म्हणून मला तुमच्याकडं यायला येळ न्हाई. पाऊस पडला की येते, तवा काय रद्द करायचं ते तोंडावर करा. म्हस व्यायली हाय. दूध तुमी घ्या न्हाईतर नका घिऊ, चंद्रभागाबाई पिती. तवर दगडाला कुणी हात लावायचा न्हाई."

"आत्या, खुलासा असा नसतो."

"तुला लिवायला सांगितलंय."

शिवकन्यानं लिहिलं, शब्द न शब्द. खाली छबुबाईनं सही केली आणि सहीच्या शेजारी, कुणी सांगितलं नसताना, आकड्यात एक काढला. मग ती चप्पल घालून निघाली, कारण टँकरचा आवाज आला होता आणि रामहरीचा दगड अजून ओळीत ठेवायचा होता.